शिरगाव, पण कोणते? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

मंत्रिमहोदय,

रत्नागिरी तालुक्यात एक शिरगाव आहे. चिपळूण तालुक्यात दुसरे आहे. खाली सिंधुदुर्गात, देवगड तालुक्यात तिसरे आहे. आता समजा, मनोरुग्णालयात दाखल झालेल्या एका बाईच्या केस पेपरवर पत्त्याच्या रकान्यात एवढेच लिहिले आहे: शिरगाव. तालुका नाही, वाडी नाही, हे माहेर की सासर तेही नाही. औषधे लागू पडली, ती सावरली, डॉक्टरांनी ‘घरी पाठवण्यास हरकत नाही’ असा शेरा मारला. पण पाठवायचे कुठे? पत्र घालायचे ते कोणत्या पोस्टाच्या नावाने? दोन-तीन पत्रे टाकली जातात, ती परत येतात किंवा त्यांना उत्तरच येत नाही, आणि बाई वॉर्डातच राहते. तिला तिथे आजाराने ठेवलेले नसते, अर्धवट भरलेल्या एका रकान्याने ठेवलेले असते.

हे पत्र त्या रकान्याबद्दल आहे.

महाराष्ट्रात सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. येरवडा २,५४० खाटांचे, ठाणे १,८५० खाटांचे, नागपूर ९४० खाटांचे आणि रत्नागिरी ३६५ खाटांचे. रत्नागिरीचे सर्वांत लहान, पण त्याचा इतिहास एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जातो. इथे येणारा माणूस फक्त रत्नागिरी जिल्ह्यातला नसतो. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे, आणि तिच्या कुठल्याही गाडीतून कुठल्याही राज्यातला भरकटलेला माणूस कुठल्याही स्टेशनावर उतरू शकतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर नेपाळी खलाशी आहेत, हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी गुरखे आहेत. त्यांच्यापैकी कुणी आजारी पडला, तर त्याचा पत्ता विचारायला त्याची भाषा येणारे माणूस लागते. ते त्या दिवशी हजर नसेल, तर रकान्यात ‘अज्ञात’ असे लिहिले जाते. पहिल्या दिवशी लिहिलेल्या ‘अज्ञात’मध्ये काही गैर नाही. तोच शब्द पाच वर्षांनीही तसाच असेल, तर मात्र त्याचा जाब कुणाला तरी विचारला पाहिजे.

रुग्णालयात ही नोंद करणाऱ्या माणसाचे पद आहे समाजसेवा अधीक्षक (मनोविकृती). बाहेरच्या लोकांना हे पद फारसे माहीत नसते. डॉक्टर आजार पाहतात, परिचारिका औषध-पाणी पाहतात. या माणसाने पाहायचे असते ते रोग्याच्या मागचे सगळे: घरात कोण आहे, शेवटचे भेटायला कोण आले होते, नवरा बोलतो का, भाऊ टाळतो का, घरी गेल्यावर गोळ्या कोण देणार, जवळचे ग्रामीण रुग्णालय किती लांब. या कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. मुंबईच्या नागपाड्यात १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे टिस, ती हीच. दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, मुंबईच्याच जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. म्हणजे हे शास्त्र महाराष्ट्रात नवे नाही. त्याच्या मुळाशी जे पुस्तक आहे, मेरी रिचमंड यांचे १९१७ सालचे ‘सोशल डायग्नोसिस’, ते तर मुख्यत्वे एकाच प्रश्नाभोवती फिरते: माणसाबद्दलची माहिती कुणाकडून घ्यायची, ती कशी पडताळायची आणि तिच्यावरून निष्कर्ष कसा काढायचा.

नोंद चुकली म्हणजे काय होते, याचा पुरावा भारतातल्याच वेड्यांच्या इस्पितळांनी सव्वाशे वर्षांपूर्वी देऊन ठेवला आहे. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातली ही इस्पितळे दरसाल अहवाल छापत. त्यांत तक्ते असत: दाखल किती, बरे झाले किती, मेले किती, पळाले किती, आणि वेडाचे कारण काय. कारणांच्या तक्त्यात गांजाचा रकाना हमखास असे, आणि तो भरलेलाही असे. त्या आकड्यांवरून गांजावर बंदी घाला अशी मागणी विलायतेत सुरू झाली, तेव्हा सरकारने १८९३ मध्ये इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले. कमिशनने जे केले ते आजही शिकण्यासारखे आहे. १८९२ या एका वर्षात देशभरच्या इस्पितळांत १,३४४ माणसे दाखल झाली होती, त्यांपैकी २२२ जणांचे वेड गांजा-भांगेने आले असे कागद सांगत होते. कमिशनने ही प्रकरणे एकेक करून पुन्हा उघडली. माणूस ज्या गावचा, तिथे चौकशी करवली, नातेवाइकांना विचारले. शेवटी हातात उरली ९८ प्रकरणे, आणि त्यांतही फक्त गांजा-भांग हेच कारण असावे अशी ६१.

उरलेल्यांचे काय झाले होते? पोलीस माणसाला पकडून आणताना एक वर्णनपत्र भरून देत. कारण काय, या प्रश्नापुढे शिपायाने किंवा कारकुनाने ऐकीव उत्तर लिहिलेले असे. इस्पितळात तेच वहीत उतरवले जाई, वहीतून तक्त्यात, तक्त्यातून अहवालात. कुणी परत जाऊन विचारले नव्हते. पहिल्या दिवशीचा अंदाज छापून आला आणि छापून आल्यामुळे खरा ठरला. सामाजिक प्रकरणांच्या फेरतपासणीचे इतके मोठे आणि इतके जुने उदाहरण आपल्या देशात आहे, आणि समाजकार्याच्या वर्गांत ते क्वचितच शिकवले जाते, याचे वाईट वाटते.

आता कायद्याकडे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय दाखल केलेल्या माणसाला ३० दिवसांपर्यंत ठेवता येते. त्यापुढे ठेवायचे तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी लागते: आधी ९० दिवस, मग १२०, मग १८०. मंडळाच्या अध्यक्षपदी जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती, सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि आजार भोगलेल्यांचे, त्यांची काळजी घेणाऱ्यांचे किंवा संस्थांचे दोन प्रतिनिधी. याच कायद्याचे कलम १९ सांगते की घर नाही किंवा घरचे घेत नाहीत, एवढ्याच कारणासाठी कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. कलम ९८ सुटीच्या आधी पुढच्या उपचारांची आखणी करायला लावते. कलम १०० पोलिसांवर जबाबदारी टाकते: रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण सापडला की हरवल्याची प्रथम खबर नोंदवायची, त्याचे घर शोधायचे आणि घरच्यांना कळवायचे.

कायदा चांगला आहे. पण मंडळासमोर माणूस येतो तो त्याच्या फायलीसकट, आणि बहुतेक वेळा फाईलच जास्त बोलते. फायलीत तपासण्या आहेत, औषधांच्या मात्रा आहेत, आणि घराविषयी एक ओळ आहे: नातेवाईक प्रतिसाद देत नाहीत. मंडळाने या ओळीवर काय निर्णय द्यायचा? कोणते नातेवाईक, केव्हा विचारले, कुणी विचारले, कोणत्या शब्दांत नकार आला, नकार देणाऱ्याला आजार बरा झाल्याचे सांगितले होते का, यातले काही लिहिलेले नसेल तर मुदत वाढवण्यापलीकडे मंडळाच्या हाती उरते काय?

हा प्रश्न न्यायालयांपर्यंत पोचलेला आहे. बरे होऊनही मनोरुग्णालयांत अडकलेल्यांच्या पुनर्वसनाची व्यवस्था करा, असे सर्वोच्च न्यायालयाने गौरवकुमार बन्सल यांच्या याचिकेत २०१७ मध्ये राज्यांना बजावले. त्याच प्रकरणात २०२१ साली, बरे झालेल्यांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणे थांबवा, असे खुद्द महाराष्ट्राला सांगावे लागले. पुढे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ठाण्याच्या रुग्णालयात बरी होऊनही अनेक वर्षे राहिलेल्या एका महिलेच्या निमित्ताने कायद्याच्या अंमलबजावणीचा सगळा प्रश्न तिथे उभा राहिला. हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाही. २०१९ साली देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांचा अभ्यास झाला, तेव्हा तिथे राहणाऱ्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक माणसे वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ आतच असल्याचे आढळले.

मग करायचे काय? याचे उत्तर कोकणातच, कर्जतला आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनने रस्त्यावरून उचललेली हजारो माणसे देशभरच्या घरांत परत पोचवली. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. तिथली पद्धत पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या दिवशी माणूस काही सांगू शकत नाही, हे तिथे गृहीत धरलेले असते. औषध लागू पडत जाते तशी आठवण परतते, आणि कुणीतरी पुन्हा, पुन्हा विचारत राहते. विचारणारा शक्यतो त्याच भाषेचा असतो. गावाचे नाव आठवले नाही तर जवळची नदी, बाजाराचा दिवस, शाळा, देवळातला देव, यावरून माग काढता येतो. आणि गाव सापडले की समाजकार्यकर्ता त्याला घेऊन रेल्वेने, बसने, पायी घरापर्यंत जातो. ठाण्याच्या मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या महिलांसाठी टिसने २०११ मध्ये सुरू केलेला ‘तराशा’ प्रकल्पही हेच दाखवतो की सुटीचा कागद हातात देणे ही कामाची सुरुवात असते. राहायचे कुठे, नोकरी कोणती, पगार किती, औषध संपले तर कुणाला फोन करायचा, हे सगळे पुढेच असते.

कोकणात तर घर शोधायची साधने सरकारच्याच दप्तरात पडलेली आहेत. शाळेचे जनरल रजिस्टर, मतदार यादी, रेशनकार्ड, ग्रामपंचायतीचा नमुना आठ, सातबारा. पोलीस पाटील गावातले प्रत्येक घर ओळखतो, आशाताईला प्रत्येक चूल माहीत असते. आधारच्या बोटांच्या ठशांनी नागपुरात २०२१ मध्ये एका हरवलेल्या मुलाचे घर दहा वर्षांनी सापडले. याशिवाय कोकणाची स्वतःची एक यंत्रणा आहे, जी कोणत्याच शासकीय नमुन्यात नाही: गावाचे मुंबई मंडळ. गावागावांची ग्रामस्थ मंडळे मुंबईत आहेत, आणि गावचा कोण लालबागला होता आणि आता नालासोपाऱ्याला आहे, हे मंडळाचा कार्यवाह तोंडपाठ सांगतो. केस पेपरवर ‘मुंबई मंडळाचा संपर्क’ असा एक रकाना असला, तर कितीतरी पत्ते एका फोनवर सापडतील.

गृहभेटीचेही तसेच. जूनमध्ये कुणी वाडीवर गेले तर अर्ध्या घरांना कुलपे दिसतात. कागदावर येते: घर बंद, नातेवाईक आढळले नाहीत. तेच घर भाद्रपदात उघडे असते. चाकरमानी आलेले असतात, गणपती बसलेला असतो, थोरला भाऊ, धाकटा भाऊ, वहिन्या, सगळे एका छपराखाली असतात. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हाही तसेच. ज्या माणसांना वर्षभर पत्रे लिहून उत्तर मिळत नाही, ती त्या आठ दिवसांत ओटीवर बसलेली सापडतात. म्हणून गृहभेट कोणत्या तारखेला केली, हे लिहिणे महत्त्वाचे आहे. ‘घर बंद’ ही नोंद तारखेशिवाय निरुपयोगी आहे, आणि तारखेसह असेल तर पुढच्या माणसाला पुन्हा केव्हा जायचे ते सांगते.

अर्थात घर उघडे सापडले म्हणजे दार उघडतेच असे नाही. काही घरांत खरोखर भीती असते, मागच्या वेळच्या मारहाणीची आठवण असते. काही ठिकाणी पैसा नसतो. काही ठिकाणी सातबाऱ्यावर रोग्याचेही नाव असते आणि आंब्याच्या कलमांचा वाटा द्यावा लागेल याची धास्ती असते. हे सगळे फायलीत वेगवेगळे लिहिले गेले पाहिजे, कारण प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. भीतीवर समुपदेशन आणि जवळच्या रुग्णालयातून वेळेवर औषध. गरिबीवर निवृत्तिवेतनाची योजना. वाट्याच्या वादावर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील, कारण आपल्या घरात राहण्याचा हक्क बजावण्यासाठी कायदेशीर मदत देण्याचे बंधन कलम १९ नेच शासनावर टाकले आहे. ‘प्रतिसाद नाही’ या दोन शब्दांत हे तिन्ही गाडले जातात.

इंग्लंडमधले एक प्रकरण इथे सांगायला हवे, विषय लहान मुलाचा असला तरी. व्हिक्टोरिया क्लिम्बी ही आठ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये छळाने मेली. समाजसेवा विभाग, रुग्णालये, पोलीस, सगळ्यांच्या कागदांवर तिचे नाव होते. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीने २००३ मध्ये सांगितले की तिला वाचवण्याच्या किमान १२ संधी हातून गेल्या. त्यांच्या १०८ शिफारशींत एक अगदी साधी आहे: प्रत्येक मुलाच्या फायलीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला घटनाक्रम लिहिलेला असावा आणि तो अद्ययावत असावा. फाईल उघडताच दिसले पाहिजे, की कोण केव्हा भेटले, काय पाहिले, पुढे काय ठरले आणि ते झाले का. जाड फाईल चाळायला वेळ नसलेल्या अधिकाऱ्यालाही एका पानात माणूस दिसावा, यासाठी ही शिफारस होती.

मंत्रिमहोदय, आपल्याकडे मागणे एवढेच आहे की ते एक पान महाराष्ट्राच्या चारही मनोरुग्णालयांत सक्तीचे करावे. त्यावर गाव, वाडी, तालुका, माहेर आणि सासर दोन्हींची नावे, बोलीभाषा, शाळा, ग्रामदैवत, मुंबई मंडळ आणि शेवटच्या भेटीची तारीख असावी. ‘अज्ञात’ हा शब्द लिहिला तर त्यापुढे पुन्हा केव्हा विचारणार ती तारीख लिहिणे बंधनकारक करावे. महिन्यातून एकदा प्रत्येक वॉर्डात प्रकरणांचे पुनर्विलोकन व्हावे, आणि त्यात डॉक्टर, परिचारिका, समाजसेवा अधीक्षक यांच्यासोबत तो माणूसही बसावा. आपल्या घराबद्दल सर्वांत जास्त माहिती त्यालाच असते. रात्रपाळीच्या कक्षसेवकालाही बोलवावे. झोप न येणारा माणूस गावाचे नाव पुष्कळदा त्याच्यापाशीच बोलतो.

यावर खासगीपणाची हरकत येईल, आणि ती योग्य आहे. कलम २३ प्रमाणे रोग्याची माहिती गोपनीय आहे, म्हणून घटनाक्रमाचे पान बाहेरच्या कुणाच्या हाती जाता कामा नये. शोध घेताना गावात आजाराची वाच्यता होणार नाही, ही खबरदारी कार्यकर्त्याने घ्यायची असते. पोलीस पाटलाला एवढेच सांगावे की अमुक घरच्या माणसांशी बोलायचे आहे. पण नावाशिवायचे आकडे लोकांसमोर यायलाच हवेत. प्रत्येक रुग्णालयाने दरवर्षी जाहीर करावे की बरे होऊनही आत असलेले किती, त्यांपैकी कितींचा पत्ता अपुरा, वर्षभरात गृहभेटी किती झाल्या, किती माणसे घरी गेली आणि त्यांपैकी किती वर्षभर घरीच टिकली. शेवटचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण पाठवणीचा कागद भरून काम संपल्याचे समाधान फार लवकर मिळते.

दुसरी हरकत मनुष्यबळाची. तीही खरी आहे. ज्या समाजसेवा अधीक्षकाला बाह्यरुग्ण विभागही सांभाळायचा आहे, प्रमाणपत्रांच्या रांगाही पाहायच्या आहेत, त्याच्याकडून वाडीवाडीवरच्या गृहभेटींची अपेक्षा करणे अन्याय आहे. तेव्हा रिक्त पदे भरावीत, आणि गृहभेटीसाठी प्रवासखर्चाची वेगळी तरतूद असावी. रत्नागिरीहून राजापूरच्या आतल्या वाडीवर जाऊन यायला सबंध दिवस जातो, आणि तो खर्च कार्यकर्त्याच्या खिशातून होता कामा नये. एका माणसाला वॉर्डात वर्षानुवर्षे ठेवण्यापुढे हा खर्च नगण्य आहे.

आणि कागदाचेही पाहावे. कोकणच्या पावसात फायली ओल धरतात, कसर लागते, शाई पसरते. जुन्या रुग्णांचे पहिले केस पेपर ही त्यांच्या घराकडे जाणारी एकमेव खूण असू शकते. ते आधी स्कॅन करून घ्यावेत. नवे संगणकीय नमुने नंतर आले तरी चालतील.

गणपतीला कोकणातली बंद घरे उघडतील. त्यापूर्वी चारही मनोरुग्णालयांतल्या, एक वर्षाहून अधिक काळ राहिलेल्या प्रत्येक माणसाच्या फायलीचे पुनर्विलोकन पूर्ण करावे, आणि कोकणातले पत्ते असलेल्यांच्या गृहभेटी गणेशोत्सवाच्या दिवसांतच ठेवाव्यात, असा आदेश आपण काढावा, ही विनंती.

आपला नम्र,
रत्नागिरीचा एक रहिवासी